आजी, हे आपल्यातले का?



ॲमस्टरडॅम शहरात वाटरलोप्लेन नावाचा एक चौक आहे. रविवार सोडून रोज तिथे जुना बाजार भरतो. जुने कोट, तांब्याची भांडी, बंद पडलेली घड्याळं, सायकलची कुलुपं आणि पुस्तकं. मुंबईच्या चोरबाजाराची आठवण यावी असा. युद्धाच्या आधी हा सगळा भाग यहुदी वस्तीचा होता. फेरीवालेही बहुतेक यहुदीच. हॉलंडात तेव्हा सुमारे १ लाख ४० हजार यहुदी राहत होते. त्यातले १ लाखाहून जास्त नाझींच्या छावण्यांतून परत आले नाहीत. चौकापासून चार पावलांवर १६७५ साली बांधलेलं पोर्तुगीज सिनेगॉग मात्र अजून उभं आहे आणि सणावाराला तिथे आजही मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, तेव्हा आम्ही दोघं आमच्या दहा वर्षांच्या नातीला घेऊन या बाजारात गेलो होतो. लेकाच्या नोकरीमुळे आम्ही म्हातारपणी दिमोनाहून इकडे आलो. नात इथेच वाढली. शाळेत डच बोलते, आईशी हिब्रू आणि आमच्याशी मराठी. तिची मराठी जरा डच वळणाची आहे, पण प्रश्न विचारायला पुरेशी आहे!

पुस्तकांच्या एका टेबलापाशी एक साठीचे गृहस्थ उभे होते. सावळा काळा वर्ण, कमरेपर्यंत आलेल्या जाड जटा, डोक्यावर हिरव्या-पिवळ्या-तांबड्या लोकरीची टोपी. टोपीवर मुकुट घातलेला सिंह. आणि गळ्यात चांदीचा मागेन दावीद. हातात एक जुनं पुस्तक होतं, त्याच्या वेष्टनावर एका दाढीवाल्या राजाचं चित्र.

नात थबकली. बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "आजी, हे आपल्यातले का?"

खरं सांगायचं तर उत्तर आमच्या ओठांवर तयार होतं. "नाही गं, हे लोक उगीच घालतात." पण तेवढ्यात त्या गृहस्थांनी वळून पाहिलं. मराठी त्यांना कुठली कळणार? पण बोट कळलं. ते हसले आणि डचमध्ये म्हणाले, "तुम्ही हिंदुस्तानी ना? मी पारामारिबोचा." सुरिनाममध्ये भारतातून गेलेल्या लोकांना हिंदुस्तानी म्हणतात. आम्ही म्हटलं, "भारतातलेच, पण आम्ही यहुदी."

त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भारतात यहुदी? खरंच?"

वाचकहो, हा "खरंच?" तुम्हाला नवा आहे का? गेली साठ वर्षं आम्ही तो ऐकत आलो. आणि या खेपेला तो ऐकताना आम्हाला मनातून लाज वाटली. कारण क्षणभरापूर्वी आम्ही तोच प्रश्न त्यांच्याविषयी मनात आणला होता. त्यांनी निदान तोंडावर विचारला!

घरी येताना नातीने जाहीर केलं की शाळेतल्या पुढच्या स्प्रेकबर्टसाठी आपण हाच विषय घेणार. स्प्रेकबर्ट म्हणजे वर्गापुढे उभं राहून केलेलं छोटं भाषण. इथे सगळ्या मुलांना ते करावं लागतं. विषय ठरला: 'टोपीवरचा सिंह'. मग काय, सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकं आणणं आणि तिला समजावून सांगणं हे काम आम्हा दोघांकडे आलं. त्या वाचनाची ही हकीगत. मोठ्यांनी वाचावी आणि बालमित्रांना वाचून दाखवावी.

तो राजा कोण?

पुस्तकावरचा राजा होता इथिओपियाचा बादशहा हैले सेलासी. जन्म २३ जुलै १८९२. जन्मनाव तफारी. 'रास' ही तिथली सरदाराची पदवी, म्हणून तो झाला रास तफारी. त्यावरूनच रास्ताफारी हा शब्द आला. (बालमित्रांनो, या रास्ताचा आपल्या रस्त्याशी काही संबंध नाही, बरं का!) २ नोव्हेंबर १९३० रोजी आदिस अबाबा शहरात त्याला राज्याभिषेक झाला. तेव्हा त्याने हैले सेलासी हे नाव घेतलं. त्याचा अर्थ 'त्रैक्याची शक्ती'. म्हणजे नावच ख्रिस्ती. आणि पदव्या काय? राजांचा राजा, देवाने निवडलेला, यहुदा वंशाचा विजयी सिंह.

यहुदाचा सिंह कुठला, ते आपल्याला सांगायला नको. तोरामध्ये याकोब मरतेवेळी मुलांना आशीर्वाद देतो, तेव्हा यहुदाला सिंहाच्या छाव्याची उपमा देतो. यरुशलेम शहराच्या चिन्हावरही तोच सिंह आहे. मग तो आफ्रिकेतल्या ख्रिस्ती राजाकडे कसा गेला?

त्याचं उत्तर एका जुन्या ग्रंथात सापडतं. नाव 'केब्रा नगास्त', म्हणजे राजांचा महिमा. गीझ नावाच्या प्राचीन भाषेत तो चौदाव्या शतकात लिहिला गेला. त्यात सांगितलंय की शबाची राणी शलमोन राजाला भेटायला यरुशलेमला गेली, तिला त्याच्यापासून मेनेलिक नावाचा मुलगा झाला आणि हा मुलगा मोठा झाल्यावर बापाला भेटायला गेला. परत येताना त्याच्याबरोबरच्या मंडळींनी मंदिरातला कराराचा कोशच इथिओपियात आणला. तिथले राजे स्वतःला या मेनेलिकचे वंशज म्हणवत. १९५५ सालच्या त्यांच्या राज्यघटनेतसुद्धा ही वंशावळ कलम म्हणून घातलेली होती.

नातीने विचारलं, "आपल्या पुस्तकात असं आहे?" आम्ही राजांच्या पहिल्या पुस्तकाचा दहावा अध्याय काढून तिच्यापुढे ठेवला. राणी येते, अवघड प्रश्न विचारते, सोनं आणि मसाले देते, राजाचं शहाणपण पाहून थक्क होते आणि आपल्या देशी परत जाते. एवढंच. लग्न नाही, मुलगा नाही, कोश तर नाहीच नाही. "मग त्यांचं खोटं आहे," नात म्हणाली. आम्ही म्हटलं, थांब जरा. पुढची पुस्तकं होऊ देत.

बादशहाची तीन चित्रं

हैले सेलासीवर पुष्कळ पुस्तकं आहेत, आणि गंमत अशी की प्रत्येकात वेगळाच माणूस भेटतो.

पहिलं त्याचं स्वतःचं. 'माझे जीवन आणि इथिओपियाची प्रगती' असं त्या आत्मचरित्राचं नाव. मूळ अम्हारिक भाषेत. पहिल्या भागात १८९२ ते १९३७ पर्यंतची हकीगत आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर १९७६ साली निघालं. भाषांतर करणारे एडवर्ड उलेनडॉर्फ हे यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकलेले यहुदी विद्वान. या पुस्तकातला राजा गंभीर आहे, सुधारणा करणारा आहे आणि दुखावलेला आहे. १९३५ साली मुसोलिनीच्या फौजा त्याच्या देशावर चालून आल्या. त्यांनी विषारी वायू वापरला. मे १९३६ मध्ये राजाला देश सोडावा लागला, आणि तो पहिल्यांदा कुठे गेला असेल? हैफा बंदरात उतरून यरुशलेमला! तिथे त्यांच्या लोकांचं जुनं चर्च आहे. नंतर तो इंग्लंडला गेला. तिथून जाऊन ३० जून १९३६ रोजी जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे त्याने आपल्या देशाची बाजू मांडली. मोठ्या देशांनी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. पुढे काय झालं, ते आपल्या लोकांना ठाऊकच आहे.

राजाला गादी परत मिळाली ती १९४१ साली. ५ मे रोजी तो आदिस अबाबाला पोचला. त्याच्याबरोबर इंग्रज अधिकारी विंगेटची तुकडी होती आणि त्या तुकडीत पॅलेस्टाईनमधले काही यहुदीही होते. उत्तरेकडे केरेनच्या डोंगरात इटालियन सैन्याशी मोठी लढाई झाली, ती लढणाऱ्यांत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. म्हणजे या राजाच्या गोष्टीत सातारा-रत्नागिरीकडची मराठीही ऐकू येते!

दुसरं पुस्तक पोलंडचे पत्रकार रिशार्ड कापुश्चिन्स्की यांचं, 'बादशहा'. १९७८ साली निघालं. डचमध्येही आहे. राजाचं राज्य गेल्यावर लेखक त्याच्या जुन्या नोकरचाकरांना रात्री लपतछपत भेटला, असं पुस्तकात येतं. एका नोकराचं काम काय, तर राजाचा कुत्रा दरबारी लोकांच्या बुटांवर मुतला की ते बूट पुसायचे! वाचताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. यातलं सगळं जसंच्या तसं खरं नाही, असं पुष्कळ जाणकारांनी म्हटलंय. पण १९७३ साली वोलो प्रांतात दुष्काळ पडला, माणसं हजारोंनी मेली आणि राजवाड्याने ते झाकून ठेवलं, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे. १२ सप्टेंबर १९७४ रोजी लष्कराने राजाला गादीवरून काढलं आणि एका लहानशा फोक्सवॅगन गाडीत बसवून नेलं. २७ ऑगस्ट १९७५ रोजी कैदेत त्याचा मृत्यू झाला. त्याची हाडं १९९२ साली राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली सापडली आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी त्यांचं रीतसर दफन झालं.

तिसरं चित्र रास्ता लोकांच्या पुस्तकांतलं. तिथे हा राजा माणूस नाहीच. तिथे तो देव आहे.

समुद्रापलीकडचे वाचक

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची नातवंडं-पतवंडं तिथे राहत होती. गुलामी संपली होती, पण गरिबी आणि अपमान संपले नव्हते. त्यांच्या हातात एकच पुस्तक होतं, बायबल. ते मालकांनीच दिलेलं. त्यात त्यांनी वाचलं की एक लोक गुलाम होते, त्यांना बाबेलला धरून नेलं, आणि ते सियोनसाठी रडले. त्यांना वाटलं, ही तर आपलीच गोष्ट! तेवढ्यात १९३० साली वर्तमानपत्रात फोटो आला: आफ्रिकेत एका काळ्या राजाला राज्याभिषेक झाला आणि तो स्वतःला दावीदाच्या वंशातला म्हणवतो.

लेनर्ड हॉवेल नावाच्या माणसाने या राजाचा प्रचार सुरू केला. त्याने 'वचनाची किल्ली' अशा अर्थाच्या नावाचं एक छोटं पुस्तक काढलं. लेखक म्हणून स्वतःचं नाव न घालता त्याने 'जी. जी. मराग' असं नाव घातलं. हे मराग म्हणजे कोण? अभ्यासक म्हणतात, हा आपला 'महाराज' शब्द! १८४५ ते १९१७ या काळात ३६ हजारांवर भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला जमैकात गेले होते. त्यांच्याकडूनच तिथे 'गांजा' हा शब्दही गेला. (गांजा हा रास्ता लोकांच्या उपासनेचा भाग आहे. नातीच्या भाषणातून आम्ही तो वगळला, हे कबूल करतो.)

सरकारने या लोकांना फार छळलं. तुरुंगात घातलं, जटा कापल्या. १९६० साली तिथल्या विद्यापीठातल्या तिघा अभ्यासकांनी त्यांच्या वस्तीत जाऊन एक अहवाल लिहिला. हे लोक गुन्हेगार नाहीत, त्यांचं ऐकून घ्या, असा त्याचा रोख होता. एका लहान पुस्तिकेने पुष्कळ काम केलं.

आणि राजा स्वतः काय म्हणाला? २१ एप्रिल १९६६ रोजी तो जमैकाला गेला, तेव्हा विमानतळावर इतकी गर्दी लोटली की त्याला बराच वेळ विमानातून उतरताच येईना. पण १९६७ साली एका कॅनेडियन वार्ताहराने विचारल्यावर त्याने स्पष्ट सांगितलं की आपण मर्त्य मनुष्य आहोत. पुढे त्याच्या चर्चनेही जमैकात आपले धर्मगुरू पाठवले. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली आयुष्यभर रास्ता म्हणून गायला, आणि मरण्यापूर्वी काही महिने, १९८० साली, त्याने त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा सरळ रेषेत चालत नाही, हेच खरं.

हॉलंडात रास्ता आले ते मुख्यतः सुरिनामकडून. सुरिनाम ही डचांची वसाहत. तिथली गुलामी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या सुमाराला हजारो लोक इकडे आले आणि ॲमस्टरडॅमच्या बेल्मर भागात स्थिरावले. बादशहाही हॉलंडला येऊन गेला होता, नोव्हेंबर १९५४ मध्ये, राणी युलियाना यांचा पाहुणा म्हणून. त्याच वर्षी इथिओपियात वोंजी येथे एका डच कंपनीचा साखर कारखाना सुरू झाला होता. राजकारण आणि ऊस एकत्र चालतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको!

अवघड पान

इथवर नात मजेत ऐकत होती. पण सुरिनामच्या पुस्तकात एक नाव आलं: 'योडनसाव्हान', म्हणजे यहुद्यांचं माळरान. सतराव्या शतकात पोर्तुगीज वंशाचे यहुदी सुरिनाम नदीकाठी जाऊन राहिले. त्यांनी १६८५ साली तिथे विटांचं सिनेगॉग बांधलं. आज त्याचे अवशेष आहेत, आणि २०२३ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा ठरवलं. त्या वस्तीभोवती उसाचे मळे होते, आणि मळ्यांवर राबणारे गुलाम होते.

"म्हणजे यहुदी लोकांनी गुलाम ठेवले होते?" नातीने विचारलं.

हो म्हणावं लागलं. आपले पूर्वज तेव्हा कोकणात घाणा चालवीत होते, शनवार तेली म्हणून ओळखले जात होते, हे तिला सांगता आलं असतं, आणि सांगितलंही. पण दरवर्षी पेसाहला आपण मांडीवर हागादा घेऊन म्हणतो की आम्ही मिसर देशात गुलाम होतो. तिथे 'आम्ही' म्हणायचं आणि इथे 'ते' म्हणायचं, हे बरं दिसत नाही. बाजारातले ते गृहस्थ गळ्यात मागेन दावीद घालून फिरतात. कदाचित त्यांच्या पूर्वजांनी तो पहिल्यांदा मालकाच्या घरी पाहिला असेल, कदाचित नसेल. आम्ही विचारलं नाही. पण त्यानंतर "उगीच घालतात" हे शब्द आमच्या तोंडून परत निघाले नाहीत.

हबशी आणि आपण

आमच्या लहानपणी इथिओपियाच्या लोकांना हबशी म्हणत. कोकणच्या माणसाला हबशी परका नव्हता. मुरुडजवळचा जंजिरा त्यांचाच. त्या मुलखाचं नावच हबसाण. नवाबाच्या पदरी आपले काही लोक चाकरीला होते. आणि अहमदनगरचा मलिक अंबर तर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांशी झुंजलेला. १६१७ साली पीटर व्हान डेन ब्रूके नावाच्या डच व्यापाऱ्याने दख्खनमध्ये त्याची भेट घेतली आणि आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे डच माणसाने आपल्या मातीतल्या आफ्रिकी सत्ताधीशावर लिहिलं त्याला चारशे वर्षं झाली.

बादशहाच्या गोष्टीत आम्हाला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. यहुदाचा सिंह म्हणवणाऱ्या या राजाच्या राज्यात खरोखरचे यहुदी राहत होते. बेता इस्राएल. लोक त्यांना फलाशा म्हणत. त्या शब्दात 'बिनजमिनीचा, परका' असा भाव आहे. डोंगरातल्या खेड्यांत ते लोहारकाम आणि कुंभारकाम करीत, शब्बाथ पाळीत आणि यरुशलेमची वाट पाहत. ते यहुदी आहेत की नाहीत, याची चर्चा जगभर चालली. १९७३ साली मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी निर्वाळा दिला, आणि १९७५ पासून त्यांना आलियाचा कायदा लागू झाला. २४ आणि २५ मे १९९१ या दोन दिवसांत १४ हजारांवर माणसं विमानांनी इस्राएलला आली. एकाच विमानात हजाराहून जास्त!

आपली चर्चाही अशीच चालली होती. १९६२ साली लग्नाच्या नोंदणीसाठी बेने इस्राएलांची आईकडची वंशावळ तपासण्याचा हुकूम निघाला. आपल्या लोकांनी यरुशलेमला धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना विचारा. आजीची आई कोण, तिची आई कोण, याचा पुरावा कागदावर मागितला की माणसाच्या पोटात काय होतं!

आपल्याकडेही एक पुस्तक होतं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवला. लेखक तेव्हा हयात नव्हते. बादशहाच्या आत्मचरित्राचा पहिला भाग ज्या साली संपतो, तेच हे साल. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची पुस्तकं समुद्रात बुडाली, फक्त 'शेमा' आठवणीत राहिला. ही आपली गोष्ट. तिला शिलालेख नाही, ताम्रपट नाही. म्हणून ती आपण सोडली का?

हे सगळं ऐकल्यावर नातीने आपलं "खोटं आहे" हे वाक्य वहीतून खोडलं. त्या जागी तिने लिहिलं: "शबाच्या राणीला मुलगा झाला, असं आमच्या पुस्तकात नाही. त्यांच्या पुस्तकात आहे. राजा म्हणाला की तो देव नाही. रास्ता लोक म्हणतात की आहे." आम्हाला वाटतं, याहून सरळ कोणी मोठा माणूस लिहिणार नाही.

जटा आणि नवस

शेवटी राहिल्या जटा. रास्ता लोक केस कापत नाहीत, ते गणना पुस्तकाच्या सहाव्या अध्यायामुळे. नाजीर माणसाने नवस पुरा होईपर्यंत डोक्याला वस्तरा लावू नये, असं तिथे सांगितलंय. पुष्कळ रास्ता डुकराचं मांस आणि शिंपल्यातले प्राणीही खात नाहीत. नातीला हे फार आवडलं, कारण घरात तिचंही तेच चालतं!

केसांचा विषय निघाला आणि आम्ही पेटीतून एक जुना फोटो काढला. आमच्या घरचे थोरले दादा, वय वर्षं सहा, पेणच्या घराच्या ओटीवर. खांद्याखाली दोन वेण्या, वेण्यांना फिती. पाहणाऱ्याला वाटावं मुलगीच. बाळ जगत नव्हतं म्हणून आमच्या आईने नवस केला होता: मुलगा झाला तर त्याला नाजीर ठेवीन. सातव्या वर्षी केस उतरवले, चांदीच्या नाण्यांनी तोलले आणि ती नाणी दान केली. केहिमकरांनीही आपल्या लोकांतल्या या नवसाविषयी लिहिलं आहे. आपल्या जुन्या घरांत ही रीत सर्रास होती. आता विचारलं तर किती जणांना आठवेल?

नात फोटोकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. परक्यांच्या टोपीवरचा सिंह पाहिल्यावर घरातली पेटी उघडावी लागली, हे खरं. म्हणून आजी-आजोबांना हात जोडून विनंती: तुमच्या पेट्या उघडा. फोटोच्या मागे नावं लिहा. बिरड्याच्या रोज्याला बिरडं का असे, दारं झाकण्याचा सण कुठला, मलिदा कशासाठी करतात, हे मुलांनी विचारण्याची वाट पाहू नका. आणि बालमित्रांनो, तुम्हीही विचारा. आम्ही म्हातारे विसरलो नाही, फक्त कोणी विचारत नाही म्हणून बोलत नाही.

भाषण जूनमध्ये झालं. पंधरा मिनिटांचं. नातीने फळ्यावर तीन चित्रं लावली: बादशहा, एक रास्ता गृहस्थ आणि वेण्या घातलेले थोरले दादा. वर्गात सुरिनामी घरातली दोन मुलं आहेत. त्यातल्या एकाने घरी जाऊन आपल्या ओमाला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ओमाचा निरोप आला की मुलीने बरोबर सांगितलं, फक्त राजाविषयी बोलताना टोपी काढायला हवी होती. नात म्हणाली, मी टोपी घातलीच नव्हती!

भाषणानंतर मुलांनी प्रश्न विचारले. एका मुलाने दादांच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हा मुलगाही रास्ता होता का?"

नात म्हणाली, "नाही. तो पेणचा होता."

शालोम.